डॉक्टर पिर्खनरांची कात्रणं

डॉक्टर आम्ब्रोस पिर्खनरांना कुणी माणूस आवडल्याचं व्हिएन्नात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मेलेले चार संगीतकार त्यांना पसंत होते, आणि त्या चौघांतल्याही एकाबद्दल ते हल्ली कुरकुरायला लागले होते. जिवंतांमध्ये त्यांना स्वतःची गणना करावी लागे, तीही नाइलाजाने.

जुन्या थोर संगीतकारांची हस्तलिखितं मिळवायची, ती छापील प्रतींशी ताडून बघायची आणि छापणाऱ्यांनी कुठे कुठे शहाणपणा केलाय ते जगाला दाखवून द्यायचं, हे त्यांचं काम. मूळ प्रतीत एखादा स्वर कानाला खटकतो म्हणून कुणी संपादकाने तो बदलला, की डॉक्टरांच्या मते तो माणूस चोर. "मूळ प्रतीत आहे ते आहे," ते म्हणत. "आवडतंय का, हे तुम्हाला विचारलंय कुणी?"

हे जगाला दाखवायचं म्हणजे पत्रं लिहायची, आणि पत्रं लिहायची त्यांच्या बायकोने. योझेफश्टाट भागातल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात रोज तीनला कॉफी व्हायची आणि साडेतीनला पोल्डी टेबलाशी बसायची. डॉक्टर फेल्टच्या सपाता घासत खिडकीपासून शेगडीपर्यंत फेऱ्या घालत आणि सांगत. ती उतरून घेई. मग तेच पत्र नकलवहीत उतरवायचं, तारीख घालायची आणि मूळ पत्र पाकिटात टाकायचं. चौदा वर्षांत अशा अकरा वह्या झाल्या होत्या.

पोल्डी आधी त्यांचीच विद्यार्थिनी. वर्षभर तिने त्यांच्यापुढे पियानो वाजवला. मग एक दिवस ते म्हणाले, "वाजवणं सोडा, फ्रॉइलाइन. तुमचं अक्षर चांगलं आहे." त्यांनी इतरांना काय काय ऐकवलं होतं ते ठाऊक असल्यामुळे तिला ही स्तुतीच वाटली. त्याच वर्षी लग्न झालं.

आणि खरं सांगायचं तर तिला ती पत्रं आवडायची. एका प्रकाशकाला डॉक्टरांनी लिहिलं होतं, "तुमच्या आवृत्तीतल्या चुका मोजायला घेतल्या होत्या. मग लक्षात आलं, बरोबर स्वर मोजणं लवकर आटपेल." वर्तमानपत्रात संगीतावर लिहिणाऱ्या होफ्राट पदवीच्या लाम्पेलबद्दल ते म्हणाले होते, "हा गृहस्थ मैफलीत झोपतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जागा झाल्यावर लिहितो, त्याबद्दल आहे." असं काही आलं की पोल्डीला हसू आवरत नसे. टाक हलायचा, कागदावर डाग पडायचा. डॉक्टर वैतागल्यासारखं करत, "अगं, कागद काय फुकट येतात?" पण त्यांच्या सपाता जरा नाचऱ्या व्हायच्या. ते तिला दिसायचं.

यातली सगळ्यात जास्त पत्रं जायची ओस्वाल्ड टाउसिंगला. ओस्वाल्ड सहा वर्षं त्यांच्याकडे शिकला. त्यांच्याच टेबलावर जेवला. त्याच्या कोटाची बटणं पोल्डीने लावली. मग जर्मनीतल्या एका गावच्या थिएटरात त्याला वाद्यवृंद चालवायची नोकरी मिळाली आणि तो गेला. ज्याला डॉक्टरांनी अजून निकालात काढलं नव्हतं असा हा एकच प्राणी. म्हणून बाकी सगळ्यांचा निकाल ते त्याला कळवायचे. कोण बहिरा, कोण भामटा, कोणाच्या बायकोने पैसे खर्चून नवऱ्याला प्राध्यापक केलं. सात वर्षांत दोनशे बारा पत्रं.

एकोणीसशे अकरा सालच्या नोव्हेंबरात ओस्वाल्डने एक जाडजूड पाकीट पाठवलं. त्याने चार तंतुवाद्यांसाठी रचना केली होती, पहिलीच, आणि ती गुरूंना अर्पण केली होती. डॉक्टरांनी ती दुपारभर वाचली, लाल शाईची दौत मागवली आणि पोल्डीला पत्र सांगितलं. चार ओळींचं.

"तुमची रचना परत पाठवत आहे. अर्पणपत्रिकेत शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या सुधारल्या आहेत. त्यापुढचं सुधारण्यापलीकडचं आहे. आपला, पिर्खनर."

पोल्डी हसली. नेहमीसारखी, डाग पडेपर्यंत. मग तिने पाकीट चिकटवलं, आणि चिकटवताना तिला क्षणभर त्या कोटाची बटणं आठवली. पण रेझी, त्यांची मोलकरीण, टपाल घेऊन जायला दारात खोळंबली होती.

उत्तर आलं नाही. "रडत बसला असेल," डॉक्टर म्हणाले. "चांगलं आहे. रडण्यात निदान ताल चुकत नाही."

जानेवारीत एका सकाळी पोल्डी बाजारातून येत होती. हातात मांस आणि सेलरीची जुडी. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी व्होरिशेक दार उघडून तिची वाटच बघत उभे होते. जंगलखात्यातून निवृत्त झालेले, सभ्य म्हातारे. येता-जाता टोपी काढणारे. आज टोपी डोक्यावरच होती.

"बाईसाहेब, हे अक्षर तुमचंच ना?"

त्यांच्या हातात कागदाची एक पट्टी होती, दोन बोटं रुंद, कात्रीने सरळ कापलेली. पोल्डीने वाचली. अक्षर तिचंच होतं, गोल, टपोरं, शाळेत बक्षीस मिळालेलं. "दुसऱ्या मजल्यावरचा व्होरिशेक रोज चार वाजता बासरी फुंकतो. तीस वर्षं झाडं तोडली, सवय जाईना, आता सूर तोडतो."

"हे तुम्हाला कुणी..."

"जर्मनीहून आलं. सोबत चिठ्ठी होती, 'आपल्या माहितीसाठी.' बाईसाहेब, मी चारला वाजवतो, कारण पाचला तुमचे यजमान झोपतात असं तुम्हीच मला सांगितलं होतंत. आठवतं?"

"आठवतं."

"त्यांचं सोडा हो. त्यांना सगळेच ओळखून आहेत. पण लिहिताना तुम्ही हसला होतात का, एवढंच मला विचारायचंय."

पोल्डीच्या हातातली सेलरी एकदम जड झाली. व्होरिशेकांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं. हळू लावलं, तेच तिला जास्त लागलं.

त्या आठवड्यात व्हिएन्नाभर पट्ट्या पोचल्या. ओस्वाल्डने दोनशे बारा पत्रं पुढ्यात घेतली होती, कात्री घेतली होती आणि ज्याचं त्याला पाठवून दिलं होतं. होफ्राट लाम्पेलना त्यांची झोप मिळाली. संगीतमंडळाचा चिटणीस असलेल्या प्राध्यापकाला त्याच्या बायकोचे पैसे मिळाले. मंडळाने डॉक्टरांची वसंतातली व्याख्यानं रद्द केली. डॉक्टरांच्या प्रकाशकाने तीन ओळींत कळवलं की करार संपला असून हस्तलिखितं रेल्वेने परत येतील.

पोल्डीला वाटलं होतं, डॉक्टर खचतील. ते शीळ घालत फिरत होते.

"अहो, सगळे तुटले आपल्यापासून. कळतंय का?"

"सगळे म्हणजे कोण? लाम्पेल? तो आधी जोडलेला होता की काय? उलट त्या गाढव ओस्वाल्डने माझा टपालखर्च वाचवला. ह्या लोकांनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी खरं वाचलं असेल."

"मग त्यांच्या तोंडावर का नाही म्हणालात?"

"तोंडं बघवत नाहीत म्हणून."

यावर पोल्डी हसली असती, महिन्यापूर्वी. आता तिला तेवढंच दिसलं, की ह्या माणसाने वाक्य फेकलं आणि ते कसं पडलं हे बघायला तिच्याकडे बघितलं.

पुढच्या सोमवारी जर्मनीहून आणखी एक पाकीट आलं. यावर तिचंच पूर्ण नाव होतं. फ्राउ लेओपोल्डिने पिर्खनर. पोल्डी ते घेऊन स्वयंपाकघरात गेली. रेझी उंड्यांचं पीठ मळत होती.

आत पट्टी नव्हती. अख्खं पत्र होतं, आठ पानांचं, आणि ते तिच्या अक्षरात नव्हतं. चार सालच्या ऑगस्टमधलं. तेव्हा ती आईच्या आजारपणात क्रेम्सला गेली होती आणि डॉक्टरांनी हे आपल्या हाताने लिहिलं होतं. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. व्हिएन्नात ते वाचू शकणारी ती एकटीच. ओस्वाल्डला हे वाचायला किती दिवस लागले असतील, असं उगाच तिच्या मनात आलं.

"...आठवडाभर घर शांत आहे. पोल्डीचं विचारतोस, म्हणून सांगतो. तिचा कान म्हणजे गाईचा कान. देवळाची घंटा ऐकून गाईला जेवढं कळतं, घरी जायची वेळ झाली, तेवढं तिला संगीतातलं कळतं. मी लग्न केलं ते अक्षराशी. त्याबद्दल पश्चात्ताप नाही. त्रास एकच. ती हसते. वाक्य झालं की मान वर करते आणि हसते, आणि तिला हसू यावं म्हणून मला माझं लिहिणं तिच्या उंचीपर्यंत खाली आणावं लागतं. ती इथे नसताना मी किती बरं लिहितो, हे तुला या पत्रावरून कळेलच."

पोल्डीने आठही पानं वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. पत्र खरंच बरं लिहिलेलं होतं, आणि हे तिच्या लक्षात आलं याचाच तिला राग आला.

"कुणी गेलं का, बाईसाहेब?" रेझीने पिठाचे हात तसेच धरून विचारलं.

"नाही गं. आहेत सगळे."

ती बैठकीच्या खोलीत गेली. डॉक्टर भिंग लावून एका हस्तलिखितावर वाकले होते. तिने कपाटातून चार सालची नकलवही काढली. तिच्या शेवटी सहा पानं कोरी होती. टेबलाशी बसून तिने तारीख घातली आणि उतरवायला सुरुवात केली. टाकाचा आवाज ऐकून डॉक्टरांनी मान वर केली.

"मी काही सांगितलेलं नाही आज."

"सांगितलेलं नाही, लिहिलेलं आहे. नोंद राहिली होती."

ते उठून मागे आले. आपलं अक्षर त्यांनी ओळखलं.

"ते खाजगी पत्र होतं," ते म्हणाले.

"व्होरिशेकांबद्दलचंही खाजगीच होतं."

"अगं, उन्हाळा होता. तू इथे नव्हतीस, एकटा होतो, लिहिण्याच्या भरात माणूस वाढवून लिहितो. गाय हा शब्द मी... तिथे उपमेची गरज होती."

"असेल."

"फाड ते. वहीत कशाला? उद्या कुणी बघेल."

पोल्डीने टाक दौतीत बुडवला. "मूळ प्रतीत आहे ते आहे," ती म्हणाली. "आवडतंय का, हे तुम्हाला विचारलंय कुणी?"

ती खाली मान घालून लिहीत राहिली, सहाही पानं भरेपर्यंत. मग वही तिथेच उघडी टाकून उठली आणि म्हणाली, "उद्यापासून तुमचं तुम्ही लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वही पाहिली. पानं फाडलेली नव्हती. डॉक्टरांकडून तेवढं झालं नव्हतं, त्यांनी आजवर कागदाचा कपटाही फाडला नव्हता. पण समासात पेन्सिलीने कोंबडीचे पाय उमटले होते, "मुळाशी ताडून पाहिलं. तिसऱ्या पानावर एक स्वल्पविराम गळला आहे."

तिने मुळात पाहिलं. गळला होता खरा. तिने तो शाईने घातला आणि वही कपाटात ठेवली. त्या क्षणी नवऱ्याबद्दल तिला जे वाटलं ते तिला नवीन होतं. राग नव्हता तो. बाजारात शिळा मासा ताजा म्हणून पुढे करणाऱ्याकडे आपण जसं बघतो, तसं काहीतरी होतं.

त्यानंतर डॉक्टर स्वतः लिहू लागले. रागाने लिहीत, रोज दोन-दोन, तीन-तीन. आठवड्याने उत्तरं यायची. "आपलं पत्र पोचलं, पण वाचता आलं नाही." एका ग्रंथालयाने तर ते हंगेरियन विभागाकडे धाडलं होतं. डॉक्टरांनी रेझीला टेबलाशी बसवून पाहिलं. पहिल्याच वाक्याला रेझी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, एवढं वाईट मी कुणाला लिहायची नाही. पाद्रीबाबांपुढे कबूल करावं लागतं सगळं." आणि ती कांदे चिरायला निघून गेली.

मग ओटाक्रिंगच्या कामगारवस्तीतून एक कार्ड आलं. पाठवणारा अलोइस टिमल, तिथल्या एका चर्चमध्ये गायकवृंद चालवणारा. मोठ्या, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं, "आदरणीय बाईसाहेब, तुमच्या हातची एक पट्टी मला आली आहे. ती मधेच कापली आहे. 'टिमल ताल धरतो तो असा, की जसा', आणि संपलं. माझी माणसं रोज विचारतात, जसा काय? कृपा करून पुढचं कळवावं."

पोल्डीने नकलवहीत ते वाक्य शोधून काढलं. कार्डावर कळवता आलं असतं. पण व्होरिशेकांचं दार अजून तिच्या मनातून जात नव्हतं. मंगळवारी दुपारी तिने टोपी घातली आणि ट्रामने ओटाक्रिंगला गेली. तिथे गल्ल्यांतून बिअरच्या कारखान्याचा आंबूस वास येत होता. चर्चमागच्या खोलीत वीसेक माणसं बाकांवर बसली होती. गाडीवान, पिंपं बनवणारे, धोबिणी, एक सुईण. टिमल पियानोपाशी उभा होता, पिंपासारखाच, बाह्या वर केलेला.

"मी फ्राउ पिर्खनर."

"पट्टीवाल्या बाई!" टिमल ओरडला. "अरे, शांत बसा. आल्या बाई. हं, बोला, जसा काय?"

"इथे? सगळ्यांसमोर?"

"मग काय माझ्या कानात सांगणार? पट्टी सगळ्यांनी वाचलीय."

पोल्डीने श्वास घेतला. "टिमल ताल धरतो तो असा, की जसा दारुड्याने दिव्याचा खांब धरावा."

गाडीवानांच्या बाकावरून असा काही हशा उठला की खिडक्या वाजल्या. टिमल गुडघ्यावर हात मारून मारून हसत होता, डोळे पुसत होता. "खांब! काय बोलला म्हातारा! अहो, पण दारुड्याने खांब घट्ट धरलेला असतो ना? म्हणजे ताल घट्ट आहे!"

"पण एका जागी उभा आहे," एक धोबीण म्हणाली आणि पुन्हा सगळे हसले.

पोल्डीलाही हसू आलं. तिने मान वर करून कुणाकडे बघितलं नाही.

"आलात तशा बसा," टिमल म्हणाला. "आमचं बघा. मग घरी जाऊन नवीन पट्टी लिहा."

ते हायडनची मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं संगीत, बसवत होते. भयंकर होतं. चौदा वर्षं डॉक्टरांच्या घरात काढलेल्या बाईला बाकावर बसवेना. पुरुष वर चढताना धापा टाकत होते, बायका एकमेकींची वाट बघत होत्या. टिमलने तीनदा थांबवलं, तीनदा शिव्या दिल्या, पण काय बिघडतंय ते त्याला सापडेना.

"मागच्या बाकावरचे ते मिशीवाले," पोल्डी म्हणाली. म्हणून गेली, म्हणजे. "वरचा स्वर ते थोडा खाली लावताहेत. बाकीचे चांगले लावतात, पण त्यांचं ऐकून घसरतात."

"पेपी? एकटा गा रे."

पेपी गायला. स्वर खाली होता. केसभरच, पण खाली. खोलीत सगळ्यांनी माना वळवून पोल्डीकडे बघितलं.

"बाई," टिमल म्हणाला, "कुठून आणलात हो हा कान?"

घरी जाताना ट्राममध्ये ती खिडकीशी बसली आणि तिच्या तोंडून मोठ्याने "गाय" असा शब्द गेला. समोरच्या बाईने पिशवी जवळ ओढली.

ती मंगळवारी जाऊ लागली, मग रविवारीही. खालच्या पट्टीत गायची. गायकवृंद सुधारला नाही. सुधारण्यातला नव्हताच. डॉक्टर विचारत, "आज काय घेतलंय तुमच्या पिंपवाल्यांनी?" ती नाव सांगे, टोपीला पिन लावे आणि निघे. मागून काहीतरी वाक्य येई, चांगलंच असे बहुतेक वेळा. जिन्यात व्होरिशेक भेटले तर ती आधी अभिवादन करे. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी टोपी काढली, अर्धी.

ईस्टरनंतरच्या रविवारी मिस्सा झाली. त्यापुढच्या मंगळवारी टिमल हातात चार पानी पत्र फडकवत आला.

"बाई, हे चिनी आहे का? सही तेवढी लागते. पिर्खनर."

म्हणजे ते आले होते. चर्चमध्ये, कुठेतरी मागे, खांबाआड उभे राहून सगळं ऐकून गेले होते आणि घरी चकार शब्द बोलले नव्हते. पोल्डीने पानं हातात घेतली.

"वाचा," टिमल म्हणाला. "सगळं वाचा हं. ह्या वेळी मधे कापायचं नाही."

तिने वाचलं. "वरच्या पट्टीतले तिघे पुरुष एकमेकांना शोधत होते, मिस्सा संपेपर्यंत भेट झाली नाही." हशा झाला. "ऑर्गनमधून वारा येत होता. उन्हाळ्यात त्याचा उपयोग होईल." ऑर्गनवाला उठून उभा राहिला आणि वाकून नमस्कार करून बसला. तिसऱ्या पानावर धोबिणी झाल्या, सुईण झाली. कुणाला सोडलं नव्हतं, आणि एकही गोष्ट खोटी नव्हती.

चौथ्या पानावर पोल्डी थबकली.

"हं?" टिमल म्हणाला.

"'दुसऱ्या ओळीतली, डावीकडून तिसरी बाई, करड्या टोपीची,'" ती वाचू लागली. "'क्रेडोच्या भागात एक मात्रा आधी शिरली. बाकी ठिकाणी स्वर बरोबर होता.'"

"तेवढंच?"

"तेवढंच. पुढे सही."

उपमा नव्हती. तिने पान उलटून पाहिलं, मागेही काही नव्हतं. खोलीतले सगळे खुंटीवरच्या करड्या टोपीकडे बघत होते.

"खरंय का ते?" टिमलने विचारलं.

पोल्डीने जरा आठवून पाहिलं, मनातल्या मनात तो तुकडा पुन्हा म्हणून पाहिला.

"खरंय. एक मात्रा आधीच आले मी."

"मग पुढच्या मंगळवारी अर्धा तास लवकर या," टिमल म्हणाला आणि पियानोकडे वळला. "चला रे, पेपी, वर बघ. वर!"